कोणाचे फुफ्फुस 'सामान्य'?

दम लागतो म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे गेलेल्या माणसाला एका नळीत जोराने फुंकायला सांगतात. पूर्ण श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि छातीतली सगळी हवा होईल तितक्या वेगाने बाहेर टाकायची. यंत्र हवेचे आकारमान मोजते आणि दोन-तीन मिनिटांत एक कागद छापून देते. या यंत्राला स्पायरोमीटर म्हणतात. कागदावर रोग्याने बाहेर टाकलेल्या हवेचा आकडा असतो, त्याच्या शेजारी 'अपेक्षित' आकडा असतो आणि तिसऱ्या रकान्यात पहिला आकडा दुसऱ्याच्या किती टक्के आहे ते लिहिलेले असते. डॉक्टरांची नजर बहुधा आधी या तिसऱ्या रकान्यावर जाते.

पहिला आकडा रोग्याचा स्वतःचा. मग हा दुसरा, 'अपेक्षित' आकडा कोणाचा? तो यंत्रात कोठून आला? विज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या मनात हा प्रश्न यायला हवा. पण आला तरी त्याचे उत्तर सहजासहजी हाती लागत नाही. लंडी ब्रॉन यांचे 'ब्रीदिंग रेस इन्टू द मशीन' हे इंग्रजी पुस्तक याच प्रश्नाच्या मागे लागले आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने ते २०१४ साली प्रसिद्ध केले. लेखिका तेव्हा ब्राउन विद्यापीठात प्राध्यापक होत्या. माणसांच्या वंशाविषयीची समजूत श्वास मोजणाऱ्या यंत्रात कशी शिरली आणि तेथे कशी टिकली, असा या पुस्तकाचा विषय आहे. आरोग्यातील विषमतेवरची बहुतेक पुस्तके इस्पितळे किती, डॉक्टर किती, औषधे कोणाला मिळतात, यांविषयी बोलतात. हे पुस्तक मोजमापाविषयी बोलते. शिक्षकांनी त्याची दखल घ्यावी असे वाटते, ते त्यासाठीच.

यंत्राचा जन्म

स्पायरोमीटरचे श्रेय जॉन हचिन्सन या इंग्रज शल्यवैद्याला देतात. १८४६ साली त्याने आपला प्रसिद्ध निबंध मांडला. पाण्यात उलटी बुडवलेली एक घंटा, तिच्यात नळीवाटे फुंकलेली हवा आणि त्या हवेने वर उचलली जाणारी घंटा, अशी यंत्राची रचना होती. पूर्ण श्वास घेऊन जास्तीत जास्त जेवढी हवा बाहेर टाकता येते तिला त्याने 'व्हायटल कपॅसिटी' असे नाव दिले. सोयीसाठी आपण तिला फुफ्फुसाची क्षमता म्हणू. दोन हजारांहून अधिक माणसे त्याने मोजली. त्यांत खलाशी होते, पोलीस होते, आगीचे बंब चालवणारे, छापखान्यातले कामगार, कुस्तीगीर, सैनिक, अनाथगृहातले दरिद्री लोक आणि 'सभ्य गृहस्थ'ही होते.

या मोजणीतून त्याला एक सुंदर नियम मिळाला. पाच ते सहा फूट उंचीच्या माणसांत उंची एक इंचाने वाढली की क्षमता सुमारे ८ घन इंचांनी, म्हणजे साधारण १३० मिलिलिटरने वाढते. वजनाशी तिचा असा सरळ संबंध आढळला नाही. आजही प्रत्येक स्पायरोमीटरमध्ये उंची, वय आणि लिंग भरावे लागते, त्याचे मूळ येथे आहे. हचिन्सन आयुर्विम्याच्या कंपनीचाही वैद्य होता. विमा कोणाला द्यावा आणि कोणाला नाकारावा हे ठरवायला त्याला एक आकडा हवा होता. म्हणजे शरीरशास्त्राचे कुतूहल आणि माणसांची वर्गवारी करण्याची गरज, या दोन्ही गोष्टी यंत्राच्या जन्मापासून एकत्र आहेत. यात हचिन्सनला दोष देण्याचे कारण नाही. पण मोजणाऱ्याला आकडा कशासाठी हवा आहे, हे आकड्याइतकेच पाहावे लागते.

मळ्यावरचा स्पायरोमीटर

हे यंत्र लवकरच अमेरिकेत पोहोचले. तेथे गुलामगिरी चालू होती. काळ्या माणसांच्या फुफ्फुसांची रचना वेगळी असावी, असा तर्क टॉमस जेफरसनने अठराव्या शतकातच लिहून ठेवला होता. दक्षिणेतल्या सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्या तर्काला आकडा दिला. स्वतः तयार केलेल्या स्पायरोमीटरने मोजून त्याने काळ्या माणसांची क्षमता गोऱ्यांपेक्षा २० टक्क्यांनी कमी असल्याचे सांगितले. यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा, की या माणसांना सक्तीने राबवणे त्यांच्याच रक्ताच्या हिताचे आहे! मालकाकडून पळून जाण्याची इच्छा हा एक रोग आहे, असे १८५१ साली मांडणारा डॉक्टर हाच.

कार्टराइटला हसून सोडून देणे सोपे आहे. ब्रॉन तसे करत नाहीत, हा त्यांच्या पुस्तकाचा मोठा गुण. त्यांचे लक्ष पुढच्या पायरीवर आहे. यादवी युद्धानंतर बेंजामिन गूल्ड या खगोलशास्त्रज्ञाने सैनिकांच्या शरीरमापांचा एक जाडजूड ग्रंथ १८६९ साली प्रसिद्ध केला. गूल्ड गुलामगिरीची वकिली करणारा नव्हता. त्याची मापे हजारो माणसांची होती आणि कोष्टके नीटनेटकी होती. त्यांतही काळ्या सैनिकांची क्षमता कमी आढळली. हे सैनिक बहुसंख्येने नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले होते. लहानपणी त्यांना काय खायला मिळाले, ते कोणत्या छपराखाली वाढले, छावणीत त्यांना कोणते आजार झाले, यांसाठी कोष्टकात रकाना नव्हता. रकाना फक्त वंशाचा होता. जे कारण कोष्टकात आहे, फरकाचे खापर त्याच्यावरच फुटणार, हे उघड आहे.

१८९६ साली फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञाने याच प्रकारच्या आकड्यांच्या आधारे काळ्या लोकांचा वंश निसर्गतःच दुबळा असून तो नष्ट होण्याच्या मार्गावर आहे, असा ग्रंथ लिहिला. त्याला लगेच उत्तर मिळाले. केली मिलर आणि डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस या दोन कृष्णवर्णीय विद्वानांनी त्याच्या युक्तिवादातील भोके दाखवली. द्यु बॉइस यांनी तर १९०६ साली आपल्या लोकांच्या आरोग्याचा स्वतंत्र अभ्यास संपादित केला आणि मृत्यूंच्या प्रमाणाचा संबंध राहणीशी आहे, हे मांडले. पुस्तकातला हा भाग विशेष वाचनीय आहे. 'त्या काळी सगळेच तसे समजत' अशी सबब आपण जुन्या विज्ञानाला नेहमी देतो. सगळे तसे समजत नव्हते. ज्यांच्याविषयी समजले जात होते ते लोक तर मुळीच नव्हते. त्यांचे म्हणणे छापलेले होते; यंत्र बनवणाऱ्यांनी ते वाचले नाही, एवढेच.

आकड्यांचे साधे गणित

विसाव्या शतकात या फरकाला 'दुरुस्ती' असे निरुपद्रवी नाव मिळाले. १९७४ साली एका शोधनिबंधाने गोऱ्यांसाठीचे अपेक्षित मूल्य काळ्या माणसांसाठी १३.२ टक्क्यांनी कमी करावे असे सुचवले. अमेरिकेच्या सरकारने १९७८ साली कापसाच्या धुळीबाबत कामगार-संरक्षणाचा नियम केला, त्यातही काळ्या कामगारांचे अपेक्षित मूल्य ०.८५ ने गुणावे असे लिहिले होते. पुढे यंत्रे संगणकावर चालू लागली. तंत्रज्ञाने वंशाचे बटण दाबले की गुणाकार आत आपोआप होऊ लागला. बटण दाबणाऱ्यालाही गुणाकार दिसेनासा झाला.

हा गुणाकार काय करतो ते एका उदाहरणाने पाहू. गणित सोपे जावे म्हणून आकडे सरळ घेतले आहेत. समजा, एका विशिष्ट उंचीच्या आणि वयाच्या पुरुषाचे अपेक्षित मूल्य ४ लिटर आहे. त्याने प्रत्यक्षात ३ लिटर हवा बाहेर टाकली. ३ भागिले ४, म्हणजे ७५ टक्के. साधारणपणे ८० टक्क्यांच्या खाली गेले की फुफ्फुसात बिघाड आहे असे धरण्याची रूढी आहे. तेव्हा हा माणूस आजारी. आता त्याच माणसासाठी वंशाचे बटण दाबू. अपेक्षित मूल्य ४ गुणिले ०.८५, म्हणजे ३.४ लिटर झाले. ३ भागिले ३.४ म्हणजे ८८ टक्के. माणूस निरोगी झाला! त्याच्या छातीत काहीही बदललेले नाही. त्याला लागणारा दमही तेवढाच आहे.

या बदलाची किंमत कोण मोजतो हे १९९९ सालच्या एका प्रकरणात दिसते. ब्रॉन यांनी पुस्तकाची सुरुवात याच प्रकरणाने केली आहे. ॲस्बेस्टॉसमुळे फुफ्फुसे निकामी झालेल्या कामगारांनी ओवेन्स कॉर्निंग या कंपनीविरुद्ध बाल्टिमोर येथे दावे लावले होते. कंपनीने अशी मागणी केली की काळ्या कामगारांची क्षमता मुळातच कमी असते. तेव्हा भरपाईला पात्र ठरण्यासाठी गोऱ्या कामगारापेक्षा त्यांची फुफ्फुसे अधिक बिघडलेली असली पाहिजेत. एकाच कारखान्यात एकच धूळ छातीत घेतलेल्या दोन माणसांपैकी एकाला भरपाईसाठी जास्त आजारी पडावे लागणार होते. आणि ही मागणी कोणा जुनाट वेडगळ सिद्धान्तावर उभी नव्हती. ती त्या वेळच्या प्रमाण वैद्यकीय पद्धतीवर उभी होती.

दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणी आणि वेल्समधील कोळशाच्या खाणी यांवरची प्रकरणेही मोलाची आहेत. आफ्रिकेत गोऱ्या आणि काळ्या खाणकामगारांना धुळीच्या रोगासाठी वेगवेगळी भरपाई होती. वेल्समध्ये सगळेच गोरे होते. तेथे संशोधकांना कामगाराची खाण, त्याचे काम आणि त्याची वर्षे यांकडे पाहावे लागले. फरकाचे कारण म्हणून वंश हाताशी नसला की लोक धूळ मोजू लागतात. ही तुलना पुस्तकाने ठळकपणे केलेली नाही, पण दोन्ही प्रकरणे लागोपाठ वाचली की ती आपोआप मनात येते.

फरक खरा, कारण कोणते?

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. निरनिराळ्या समाजांत मोजलेली सरासरी क्षमता वेगवेगळी येते, हे खोटे नाही. प्रश्न त्या फरकाच्या कारणाचा आहे. ब्रॉन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९२२ ते २००८ या काळातील २२६ शोधनिबंध तपासून २०१३ साली त्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतल्या जेमतेम १७ टक्के निबंधांनी 'वंश' म्हणजे काय याची काही व्याख्या दिली होती. वंशाबरोबर आर्थिक स्थितीही तपासणारे निबंध तर अगदीच थोडे होते. ज्या राशीची व्याख्या नाही ती समीकरणात वापरायची नाही, असे आपण आठवीतल्या मुलालाही सांगतो.

परिस्थितीचा परिणाम फुफ्फुसावर खरोखर होतो का? दक्षिण कॅलिफोर्नियात हजारो मुलांवर झालेला दीर्घ अभ्यास याचे उत्तर देतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्वांत प्रदूषित वस्तीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे ८ टक्के मुलांची फुफ्फुसे अठराव्या वर्षी लक्षणीय कमी क्षमतेची होती. सर्वांत स्वच्छ हवेच्या गावी हे प्रमाण २ टक्क्यांहूनही कमी होते. पुढे त्या भागातली हवा सुधारली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत नंतरच्या पिढीतल्या मुलांच्या फुफ्फुसांची वाढ आधीच्या मुलांपेक्षा चांगली झालेली दिसली. मुले त्याच प्रदेशातली. बदलली ती हवा. पहिल्या पिढीच्या सरासरीला कोणी 'या भागातल्या मुलांचे सामान्य मूल्य' म्हणून यंत्रात भरून टाकले असते, तर हवा सुधारण्याची गरजच कोणाला भासली नसती.

पुस्तक कोठे कमी पडते

पुस्तकाचे हे सगळे गुण मान्य करून त्याच्या उणिवांकडे वळले पाहिजे. पहिली उणीव शरीररचनेबाबत आहे. एकाच उंचीच्या दोन माणसांत पाय आणि धड यांचे प्रमाण वेगळे असू शकते. फुफ्फुसे धडात असतात. तेव्हा धड आखूड असेल तर क्षमता थोडी कमी येणे साहजिक आहे. समाजासमाजांतील फरकाचा काही भाग यामुळे उलगडतो, असे मोजणीतून दिसले आहे. उभ्या उंचीबरोबर बसलेली उंची मोजली तर वंशाचे बटण न दाबताही हा भाग हिशेबात घेता येतो. लेखिकेच्या बाजूलाच बळ देणारा हा मुद्दा आहे. पण त्याला मिळालेली जागा अपुरी वाटते. वंश हे शरीराचे कारण नव्हे, एवढे सांगून भागत नाही. मग शरीरातले कोणते कारण मोजावे, हेही विज्ञानाच्या वाचकाला हवे असते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. दुरुस्ती चूक असेल तर ती काढून टाकल्यावर काय होईल, याचा पुरेसा विचार पुस्तकात नाही. पुस्तक निघाल्यानंतर हा प्रश्न प्रत्यक्षच उभा राहिला. २०१२ सालच्या जागतिक समीकरणांत वंशानुसार गट होते. २०२२ साली वंशाचा रकाना नसलेले एकच जागतिक समीकरण तयार झाले आणि २०२३ साली अमेरिकेतील छातीच्या डॉक्टरांच्या संस्थेने तेच वापरण्याची शिफारस केली. या बदलाचा हिशेब २०२४ साली मांडला गेला. त्यानुसार अमेरिकेत सुमारे सव्वा कोटी लोकांच्या बाबतीत 'बिघाड आहे की नाही' याचे उत्तर बदलू शकते. कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळणारी भरपाई वाढेल, हे चांगलेच. पण त्याच आकड्यामुळे कोणी आगीच्या बंबावरची नोकरी गमावू शकतो. फुफ्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झेपणार नाही म्हणून कोणाला ती नाकारली जाऊ शकते. भरपाई मागताना कमी टक्केवारी उपयोगी पडते आणि नोकरी मागताना जास्त. आपल्या उदाहरणातला ३ लिटरवाला माणूस ७५ टक्क्यांचा असावा की ८८ चा, हे त्याने कोणत्या खिडकीपुढे रांग लावली आहे यावर अवलंबून राहते.

यातून निघणारी गोष्ट अशी, की कोणताही एक गुणक न्याय देऊ शकत नाही. माणसाला शिडी चढता येते का, तो कोणत्या धुळीत किती वर्षे राबला, गेल्या वर्षीपेक्षा त्याचा आकडा यंदा किती घसरला, हे पाहावे लागते. माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्या आधीच्या मापाशी केली तर 'अपेक्षित' आकड्याची गरज पुष्कळ कमी होते. पण त्यासाठी कामगाराची तपासणी कामावर लागल्या दिवसापासून दरवर्षी व्हायला हवी आणि तिची नोंद त्याच्या हाती असायला हवी. ही मागणी कारखान्यात करण्याची आहे, संगणकात नव्हे. पुस्तक या वळणापर्यंत आणून सोडते. पुढे नेत नाही.

भारतीय 'सामान्य' कोण?

तिसरी उणीव आपल्याला जवळची आहे. भारताचा उल्लेख पुस्तकात ओझरता येतो. वास्तविक आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. १९३२ साली दक्षिण भारतातील १०३ वैद्यकीय विद्यार्थ्यांची फुफ्फुसाची क्षमता मोजून प्रसिद्ध करण्यात आली होती. पुढे दिल्ली, मद्रास, मुंबई अशा ठिकाणी अपेक्षित मूल्यांची समीकरणे तयार झाली. मुंबईत उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली निरोगी भारतीयांची मापे प्रसिद्ध केली. हे काम आवश्यकच होते. कारण त्याच्या अभावी युरोपीय माणसाचा आकडा घेऊन त्याचे ९० टक्के करायचे, अशी ढोबळ रीत अनेक ठिकाणी चालत असे. २०१२ च्या जागतिक समीकरणांतही भारतीय उपखंडासाठी स्वतंत्र गट नव्हता. जगातल्या दर चार माणसांतले जवळजवळ एक जेथे राहते त्या भूभागाची सोय 'इतर' या गटात झाली.

पण भारतीय समीकरण झाले की प्रश्न मिटला असे नाही. निरोगी भारतीय म्हणून आपण कोणाला मोजतो? १९३२ साली वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचलेले तरुण त्या प्रांतातल्या सर्वांचे प्रतिनिधी नव्हते. उलट सर्वांना सरसकट मोजावे, तर चुलीच्या धुरात वाढलेली, लहानपणी कुपोषित राहिलेली माणसे सरासरी खाली आणणार आणि ती खालची सरासरी 'भारतीयांचे सामान्य मूल्य' ठरणार. वरच्या थरातून नमुना घेतला तर गरीब माणूस सरसकट आजारी ठरतो. खालच्या थरातून घेतला तर त्याचा आजार दिसतच नाही. दोन्ही धोके सारखेच खरे आहेत.

याहून खोल एक अडचण आहे. पुस्तकाचा भर वंशावर असल्याने ती मागे राहते. हचिन्सनच्या नियमाप्रमाणे प्रत्येक यंत्र उंची विचारते. उंची हे नैसर्गिक माप आहे असे आपण धरून चालतो. पण २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी होती. असे मूल मोठे होऊन स्पायरोमीटरपुढे बसते तेव्हा यंत्र त्याची कमी उंची घेते, त्या उंचीला साजेसा कमी अपेक्षित आकडा काढते आणि अहवालावर 'सामान्य' असे छापते. लहानपणी न मिळालेले अन्न उंचीच्या रकान्यात जिरून जाते. वंशाचे बटण निदान काढून तरी टाकता येते. उंचीचा रकाना काढता येणार नाही, कारण उंच आणि बुटक्या माणसांची तुलना त्याशिवाय होऊच शकत नाही. आपण एवढेच करू शकतो, की 'सामान्य' या शब्दाचा अर्थ 'इजा झालेली नाही' असा घ्यायचा नाही.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांतले आदिवासी मजूर गुजरातेत गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला जात. सिलिकाच्या धुळीने त्यांच्यापैकी अनेक जण तरुणपणी मेले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. तोपर्यंत कित्येक वर्षे लढा चालला होता. अशा लढ्यात मजुराच्या हाती आपल्या रोगाचा पुरावा म्हणून एक्स-रेची फिल्म, कामाची नोंद असली तर ती आणि फुंकून मिळवलेले काही आकडे एवढेच असते. त्या आकड्यांच्या शेजारी छापलेल्या 'अपेक्षित' आकड्याचा उगम त्यामुळे प्रयोगशाळेपुरता प्रश्न राहत नाही.

वर्गात काय करता येईल

पुस्तक महाग आहे, इंग्रजी आहे आणि बरेचसे विद्यापीठीय भाषेत लिहिलेले आहे. सगळ्या शाळांपर्यंत ते पोहोचणार नाही. पण त्याचे सार एका तासिकेत मुलांसमोर ठेवता येते. पाच लिटरचा पारदर्शक कॅन, पाण्याचा टब आणि रबरी नळी एवढ्या साहित्यात स्पायरोमीटर तयार होतो. कॅनवर आधी मापाने पाणी ओतून खुणा करून घ्याव्यात. मग तो काठोकाठ भरून टबात उलटा धरायचा, नळीचे एक टोक आत सारायचे आणि दुसऱ्या टोकातून फुंकायचे. जितके पाणी खाली उतरले तितकी हवा. प्रत्येकासाठी नळीच्या तोंडाशी वेगळा तुकडा असावा. दम्याच्या किंवा नुकत्याच आजारातून उठलेल्या मुलांना आग्रह करू नये.

येथपर्यंतचा प्रयोग अनेक शिक्षक करतात. त्यापुढे एक पायरी जावे. फळ्यावर नावे न लिहिता फक्त उंची आणि क्षमता यांच्या जोड्या लिहाव्यात व आलेख काढायला सांगावा. हचिन्सनचा नियम ढोबळमानाने दिसेल आणि नियमापासून दूर पडलेले बिंदूही दिसतील. मग सगळ्या वर्गाची सरासरी काढून तिला 'अपेक्षित' म्हणावे आणि ८० टक्क्यांच्या खाली किती जण येतात ते मोजावे. त्यानंतर फक्त शाळेच्या कबड्डी संघातल्या मुलामुलींची सरासरी 'अपेक्षित' धरून तेच गणित पुन्हा करावे. शेवटी वर्गातल्या सर्वांत कमी क्षमतेच्या दहा जणांची सरासरी घेऊन तिसऱ्यांदा करावे. दर वेळी 'आजारी' ठरणाऱ्यांची संख्या बदलेल. माणसे तीच आणि मापेही तीच असतील.

एक पथ्य मात्र पाळावे. मुलांचे जातीनुसार, वस्तीनुसार किंवा वसतिगृहातली व बाहेरची असे गट पाडून सरासऱ्या काढू नयेत. तसे केले तर काही ना काही फरक निघेलच. चाळीस मुलांच्या वर्गात कोणतेही दोन गट पाडले तरी तो निघतो. आणि तो फळ्यावर लिहिला गेला की पुसायला फार वेळ लागतो. त्याऐवजी दोन सारख्या उंचीच्या मुलांची क्षमता वेगळी का येत असेल, याची शक्य तितकी कारणे मुलांनाच सुचवू द्यावीत आणि त्यांतली कोणती मोजता येतील, कोणती मोजलेली नाहीत, हे विचारावे. ही दुसरी यादी लांब असते.

लंडी ब्रॉन यांच्या पुस्तकाने मोजमापावरचा विश्वास कमी होत नाही. मोजमाप अधिक नीट करण्याची जबाबदारी वाढते. 'अपेक्षित' हा शब्द कोणत्याही अहवालावर दिसला, मग तो फुफ्फुसाचा असो, मुलाच्या वजनाचा असो की परीक्षेतल्या गुणांचा, ही अपेक्षा कोणाला मोजून ठरवली, असे विचारण्याची सवय मुलांना लागली तर विज्ञानाच्या तासाने आपले काम केले असे म्हणता येईल.